एनेने हात वर केला

कालाबार, ४ फेब्रुवारी १९८७

चि. एने यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रिअर अ‍ॅडमिरल झाल्यापासून आईचे पाय जमिनीवर नाहीत. मासळीच्या टोपलीशेजारी तुझा पेपरातला फोटो मांडते. घासाघीस करणाऱ्या बायकांना तो दाखवते, आणि भाव मात्र सोडत नाही.

आता काळजीचं. आपला शेजारी इटाम, तुझ्याबरोबरच नौदलात गेलेला, त्याला परवा पकडलं. सरकार उलथवायच्या कटात होता म्हणे. त्याची बायको इक्वो सकाळीच आली. एने तिथे आहे ना, एवढंच पुनःपुन्हा विचारत राहिली. मी हो म्हटलंय. इटामच्या आईच्या हातचं जेवून तू वाढलास, हे तुला मी सांगायला नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अरित

लागोस, १९ फेब्रुवारी

ती. अरितताईस सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय. वाचून जाळ. इटामवर खटला चालवायला पाच अधिकाऱ्यांचं लष्करी न्यायमंडळ नेमलंय. त्यातला एक मी.

कटवाले एकदा त्याच्या घरी जेवायला आले होते. बोलणं ऐकून त्याने त्यांना हाकलून दिलं, पण वर कळवलं नाही. मित्रांची नावं कशी देणार, म्हणतो. एवढाच गुन्हा. मी बसणार नाही म्हणालो, तर माझ्या जागी कोण येईल ते मला माहीत आहे. आत राहून त्याला वाचवता येईल असं वाटतं. इक्वोला धीर दे. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

तुमच्या आशीर्वादावर भिस्त आहे.

एने

कालाबार, ६ मार्च

चि. एने यास,

काल रेडिओवर नऊ नावं वाचली. इटामचं सहावं. गोळ्या घालून झाल्यावर सांगितलं. निकाल एकमताने झाला, असंही सांगितलं.

इक्वो आमच्याच घरी भाजी निवडत बसली होती. हातातली पानं खाली ठेवून तिने विचारलं, एकमताने म्हणजे एनेसुद्धा का गं? मी म्हटलं, त्यालाच विचारते.

विचारते आहे.

अरित

लागोस, २१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

हो. मीसुद्धा.

पहिल्या दिवशी मी भांडलो, तुरुंगवास पुरे म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, वरच्यांना एकमत हवंय, ज्याचं मत वेगळं त्याचं नाव वेगळ्या यादीत जाईल. दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. निकाल ऐकवला तेव्हा इटामने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थुंकेल. तो म्हणाला, एने, तुला झोप लागत नाही का रे?

काल मला सक्तीने निवृत्त केलं. पहिल्या दिवशी भांडलो म्हणून. एकतीस वर्षांची नोकरी दोन ओळींत संपली. घरी येऊ का?

एने

कालाबार, ४ एप्रिल

चि. एने यास आशीर्वाद.

आई म्हणाली, विचारतो काय, घर त्याचंच आहे. मग डोळे पुसत आत गेली.

तुझं पत्र मी इक्वोच्या पायरीवर बसून तिला वाचून दाखवलं. झोपेचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, एवढ्यात माझ्या दारात येऊ नको म्हणावं त्याला. पण आम्हाला प्रेत दिलं नाही. कुठे पुरलं ते त्याला ठाऊक असेल. मुलींना तिथे न्यायचं आहे मला.

तेवढं कळव, आणि ये.

अरित

लागोस, १८ एप्रिल

ती. ताईस,

मला ठाऊक नाही. तेव्हा विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

आता रोज सकाळी मुख्यालयाच्या फाटकाशी जातो. पहारेकरी नाव विचारतो, वहीत बघतो, बसा म्हणतो. बाकावर त्या आठ घरांतल्या बायका असतात. एकीने काल सरकून मला जागा दिली. तुमचा कोण होता हो, म्हणाली. भाऊ, असं मी सांगितलं.

ठिकाण कळेपर्यंत येत नाही. आईला म्हणावं, वाट बघू नको.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागतो.

एने