टॉवेलात गुंडाळलेला कंगवा

प्रिय डेलफीन,

तुझं पार्सल मेकनला पोचलं. पोस्टमन आला तेव्हा चर्चमधली सिस्टर लव्हिनिया दुकानात खुर्चीत बसून केसांच्या नव्या टोपाचं माप देत होती. तिच्यादेखत मी ते उघडलं नाही. रविवारच्या आत अख्ख्या चर्चला कळलं असतं. ती जाताना म्हणालीच, "रूफस, इतकं जपून ठेवलंस म्हणजे नक्की भाचीचं असणार." ती गेल्यावर दाराला कडी घातली आणि मग दोरी सोडली.

आत तुझे कापलेले केस. तुझ्या आईसारखेच आहेत, दाट, हाताला मऊ. पण कापलेत कसे ते बघून आधी रागच आला. टोपासाठी केस कापायचे तर अगोदर मुळाशी दोऱ्याने आवळायचे, म्हणजे मुळं सगळी एका बाजूला राहतात. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवायला माझा मी शिकलो, आणि जॉर्जियात माझ्यासारखी कपाळाची कड कुणी बसवून दाखवावी. पण जे आलं ते तुला नीट शिकवलं होतं. तू हे मुठीमुठीने कापलेस, बोथट कात्रीने. कानामागचे तर पार टाळूपासून. शिवाय मी टोपाला केस विकत आणतो. आपल्या घरातला एक केससुद्धा आजवर जाळीवर चढवलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. मग पाठवलेस कशाला, हा विचार मी दुपारभर करत बसलो.

तुझ्या पहिल्या मोठ्या शूटिंगची आठवण झाली. तिथल्या बाईकडे तुझ्या दाट कुरळ्या केसांतून फिरेल असा कंगवा नव्हता, आणि केस सरळ करायला कसलंसं औषध लावून तिने तुझी टाळू भाजली होती. फोनवर तू म्हणालीस, "मामा, खुर्चीवर माझं नाव लिहिलं होतं, फक्त माझ्या केसांना हात लावता येईल असा माणूस ठेवायचं विसरले." आपण दोघं हसलो. त्यानंतर तू प्रत्येक कामाला माझाच टोप घालून, घरूनच तयार होऊन जायचीस. मग कॉर्नेल तुझ्या आयुष्यात आला. त्याच्या सिनेमाची गोष्ट तुम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात रचली, मक्याचा पाव संपेपर्यंत. नायिका तूच होतीस. मग तो दुसरीच्या घरी राहायला गेला, आणि भूमिकाही तिकडेच गेली. ती रंगाने उजळ आहे, पडद्यावर उठून दिसते म्हणे. तुला दिली नायिकेची मावशी. एकतिसाव्या वर्षी. तू म्हणालीस, "मावशीला निदान पोटभर खायला देतात." कॉर्नेलबद्दल एक अक्षर नाही. तू अशी हसवायला लागलीस की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो.

केसांखाली टॉवेल होता आणि टॉवेलात अर्नेस्टीनचा, तुझ्या आईचा, केस सरळ करायला तापवायचा पितळी कंगवा. तिथे माझा हात थांबला. शेगडीवर कंगवा तापला की ती तुला स्टुलावर बसवायची, आणि नंतर गळालेला केस न केस वेचून डब्यात जाळायची. पाखराने नेऊन घरट्यात विणला तर तुझं डोकं कधी शांत होणार नाही, असं सांगायची. तू हसायचीस, तरी डबा तूच धरायचीस. पुढे दुखणं सगळ्यांपासून लपवून ती आपल्या वस्तू वाटायला लागली. लव्हिनियाला टोपी, मला घड्याळ, तुला हा कंगवा. प्रत्येक वस्तू टॉवेलात गुंडाळलेली. नीटनेटकी बाई, म्हणून आम्ही कौतुक केलं. महिन्याभरात ती गेली.

मी फोन केले, तू उचलले नाहीस. म्हणून दुकान बंद करून गाडी काढली. डेलफीन, हे पत्र मी मेकनहून लिहीत नाही. तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. खालच्या मजल्यावरच्या मिसेस पेटिफर्ड म्हणाल्या, "पोरीने तिची कुंडी माझ्याकडे आणून दिली. परत कधी देऊ विचारलं तर म्हणाली, नको." त्या घरमालकाकडून किल्ली आणायला गेल्यात. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. आत नळ वाहत होता, तो मघाशी बंद झाला, म्हणजे तू ऐकते आहेस. किल्ली आली की मी आत येणारच, विचारणार नाही. पण त्याआधी तू उघडावंस असं मला वाटतं. केस मी जाळलेले नाहीत. ते जिचे तिच्यादेखतच जाळायचे असतात. डबा आणलाय, काडेपेटी आणलीये, कंगवा मांडीवर आहे. डोक्यावर उरलेले केस मी सारखे करून देईन, आणि कुठल्या सिनेमाचं नाव काढणार नाही. हा कागद दाराखालून अर्धाच सरकवतोय. दुसरं टोक माझ्या बोटांत आहे. तू ओढ.

तुझाच, दाराबाहेर बसलेला,
रूफस मामा