बागेत चालायला रिक्षा

सौ. सिंधुस, रेणापूरला माझे आशीर्वाद पोचावेत.

तू शेताला आणि मी शाळेला निघायचो, तेव्हा पाणंदीत वाजणारी आपल्या वहाणांची करकर आज आठवली. फार लाज वाटली.

नांदेडात मी बरा आहे. पण रोज चालतो, असं फोनवर सांगतो ते खोटं आहे. आपल्या लेकाच्या नव्या वसाहतीपुढे सहापदरी रस्ता आहे. फुटपाथ नाही, ओलांडायची भीती वाटते. म्हणून बागेत चालायला रिक्षाने जातो, बाकावर बसून शाळेतल्या कविता गुणगुणतो, रिक्षानेच परततो. रक्तातली साखर थोडी वाढलीय, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

थांब, दार वाजलं. रिक्षावाला व्यंकटी आज पायीच आलाय. म्हणतो, "गुरुजी, तुमाला बाकावर बसाया नेऊन नेऊन मलाच लाज वाटून राहिली. धरा हात, चालत जाऊ."

तुझा,
श्रीमंत