एल्झेचे वडील दुपारी येतात

४ जून, ख्राइस्टचर्च
इथे जूनमध्ये हिवाळा, थंडी फार. मुक्ता आणि जावई कामावर गेले की घर खायला उठतं. म्हणून शेजारच्या एल्झेकडे दुपारी बसायचं कबूल केलं. नव्वदीला टेकलेली जर्मन बाई, स्मृती गेल्यात जमा. तिची लेक कारिन दिवसभर नोकरीवर. पॅसेजमध्ये एल्झेच्या वडिलांचा गणवेशातला फोटो. दुसऱ्या महायुद्धात जनरल होते म्हणे.

९ जून
कालचं जेवण आठवत नाही, पण वडिलांची अख्खी कारकीर्द पाठ. घोडदळात लेफ्टनंट. रशियाच्या बर्फात पायाची बोटं गेली. मग इटलीत जनरल, शेवटी कैद. सुटून आल्यावर सफरचंदाच्या बागेत राबले, युद्धाबद्दल चकार शब्द नाही. इटलीत त्यांच्या हद्दीतलं एक गाव जाळलं गेलं, माणसांसकट. "पपांना ठाऊक नव्हतं. खालच्यांनी केलं." चहा संपेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा.

१२ जून
आज विचित्रच. चहा घेऊन आत गेले तर एल्झे खुर्चीत ताठ. पाठीला बाक आहे तिच्या, तो नव्हता. म्हणाली, उशीर केलात. आवाज तिचाच, पण जाड, खालचा.
एल्झे, चहा, म्हटलं.
"एल्झे घरी आहे. तिच्या आईजवळ."
मग मान कलली, डुलकी. उठल्यावर बिस्किट मागितलं, नेहमीसारखं. कारिन म्हणाली, या आजारात होतं असं. होत असेल.

१८ जून
पुन्हा. आज मी तिच्या वडिलांची दुभाषी. खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, ते लोक अजून चर्चमध्ये का गेले नाहीत. बाहेर कोणी नाही. आमच्या दोरीवर मुक्ताचे कपडे, एवढंच.
"त्यांच्या भाषेत सांगा. पाऊस येतोय, आत चला म्हणावं."
मग अगदी सहज, भाजी निवडायला सांगावी तसं:
"मुलांना वेगळं काढू नका. वेळ जातो."
तोंडून मराठीच निघालं, मी नाही सांगणार. तिला मराठीचं अक्षर कळत नाही. पण मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. कळलं होतं.
"मग दुसरा कोणी सांगेल."

१९ जून
मुक्ता म्हणते, आई, जाणं बंद कर. पण एल्झे तेव्हा शाळकरी पोर, जर्मनीत आईपाशी. हे वाक्य तिच्याकडे आलं कुठून? नंतर वडिलांचं बोलणं दाराआडून ऐकलं असेल? मग जन्मभर "ठाऊक नव्हतं" म्हणत राहिली, ते कुणासाठी? आणि ऐकलं नसेल, तर...
कारिनला सांगावं का. तिला हे आजोबा म्हणजे सफरचंदं आणि लाड.

२० जून
सांगितलं. कारिन गाडीची किल्ली हातात धरून उभीच राहिली. रडली नाही. म्हणाली, "ते पुन्हा आले तर एक विचाराल?"
"काय?"
"नाही म्हणणारं कोणी होतं का तिथे."

२३ जून
एल्झे झोपलेली, हात स्वेटरच्या बाह्यांत. वाटलं, आज नकोच यायला त्यांनी. बघता बघता पाठ सरळ होऊ लागली, हळूहळू. डोळे मिटलेलेच.
मी खुर्ची जवळ ओढली. विचारलं.
उत्तर या वेळी इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये आलं. लांबलचक, दबक्या आवाजात. मला एकही शब्द कळला नाही. फक्त मध्ये एकदा कुणा माणसाचं नाव आल्यासारखं वाटलं.
कारिन यायला अजून वेळ आहे. तिला सांगेपर्यंत विसरू नये म्हणून ते नाव पुटपुटत बसलेय. एल्झे माझ्याकडे बघतेय. की ते.