बाबा मला बॅग म्हणतात

मंगळवार, १४ जानेवारी २०२५
सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे

प्रिय एतेल,

आत्ताच एप्रिलची माशी, ट्राउटच्या गळाला लावायची पिसा-रेशमाची, बांधून संपवली, शेवटच्या गाठीला मेण लावलं, गळ चिमट्यातून सोडवला आणि हा कागद ओढला. बोटांचं मेण कडेला लागलं आहे, माफ कर. तू आणि अन्दोनी बरे असाल. आम्हीही बरे आहोत. नदीच्या कडेने बर्फ धरलं आहे. कोंबडे तेवीसच्या तेवीस ठीक. काल पौर्णिमा झाली, म्हणजे आता उतरत्या चंद्रात माशीसाठी त्यांची पिसं उपटायची. शेजारच्या प्रीमितिवाने काल लसणाचं सूप आणून दिलं आणि जाताना, "तुझ्या हातचं खाऊन धडधाकट माणूस आजारी पडेल, मग तुझा बाप बरा कसा व्हायचा?" असं ऐकवून गेली. सूप चांगलं होतं.

बिल्बावला अन्दोनीच्या कारखान्यातली जागा माझ्यासाठी पंचवीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे, हे वाचलं. त्याचे आभार मान. उत्तर याच पत्रात देतो, पण आधी बाकीचं लिहू दे. मला क्रमाने लिहिल्याशिवाय जमत नाही.

सहा वर्षांनी पुन्हा माशा बांधायला कसा बसलास, असं तू विचारलंस. बाबांना झटक्यानंतर पुन्हा बोलायला शिकवणारी बाई म्हणाली होती, जे त्यांना जन्मभर पाठ आहे तिथून सुरुवात करा. बाबांना तुझं नाव येत नाही. पावाला ते "दार" म्हणतात. पण माशीचा पाठ शाबूत आहे. "मार्च," असं म्हणून डोळे मिटतात, "पाठीवर पोलादी पीस. खाली तपकिरी. अंगाला पिवळं रेशीम, वरून काळा दोरा, विरळ." कुठे अडखळत नाहीत. ते सांगतात, मी बांधतो. दिवसातलं आमचं बोलणं म्हणजे एवढंच.

पहिल्या दिवशी मी दुकानातला नायलॉनचा दोरा घेतला होता. बाबांनी डाव्या हाताने चिमटा, माशी, सगळं खाली पाडलं. म्हणून आईची संदूक उघडली. त्यात बारा-बारा पिसांच्या जुड्या आहेत, मी जन्मायच्या आधी मेलेल्या कोंबड्यांच्या, आणि अजून उन्हात धरल्या की पाण्यासारख्या हलतात. रेशीम मात्र जुनं झालं आहे. ओढलं की तुटतं. आधी मेणातून काढायचं, मग श्वास रोखून वेढा द्यायचा. पहिल्या महिन्यात मी तीन रिळं वाया घालवली. आता तुटत नाही. जुड्यांवर आईच्या चिठ्ठ्या आहेत, आणि "पोलादी" हा एक शब्द तिने चार चिठ्ठ्यांवर चार तऱ्हेने लिहिला आहे. मी दुरुस्त केला नाही. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं, हे तुला कळेल.

आता बॅगचं.

दवाखान्यात अकराव्या दिवशी बाबांनी पहिला शब्द उच्चारला तो माझ्याकडे बघून: "बॅग." तेव्हापासून माझं नाव तेच. ज्याच्या हातात कला नाही त्याला आपल्याकडे बॅग म्हणतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं बाबा माझ्या माशांची टिंगल करतात. फ्रोइलानच्या बारमध्ये मी शिरलो की तो ओरडतो, "या बॅगराव! म्हाताऱ्याची जीभ गेली, पण पारख नाही गेली हं." मीही हसतो. तूही नाताळात फोनवर हसलीस आणि म्हणालीस, "सराव कर रे, मग नाव बदलतील." मी सराव केला. काल बांधलेली माशी बाबांच्या जुन्या माशीशेजारी ठेवली तर मलाच ओळखता आली नाही. तरी मी बॅगच आहे.

कारण ती टिंगल नाही, एतेल.

गेल्या वर्षी बारा मार्चला मी नदीवर नव्हतो. तुला सांगितलं ते खोटं होतं. मी तुझ्याकडे निघालो होतो, कुणालाही न सांगता. बाबा जेवून आडवे झाले होते. मी बॅग भरली, टेबलावर चिठ्ठी ठेवली, स्टेशनवर गेलो आणि बिल्बावच्या गाडीत बसलो. मला वाटलं होतं आनंद होईल. पण गाडी हलल्यापासून मी एकच विचार करत होतो: खुराड्याची कडी लावली की नाही? कोल्हा येतो, तुला माहीत आहे. वाटेतल्या बोन्यार स्टेशनवर उतरलो. परत यायला कुणी गाडी थांबवेना, बराचसा रस्ता चालत आलो.

कडी लावलेलीच होती. बाबा तिच्याखाली पडले होते. डोळे उघडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बॅग माझ्या हातातच होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

मी घराबाहेर होतो ते तीन तास. डॉक्टरांना मी खरं सांगितलं, बाहेर प्रीमितिवा होती म्हणून हळू आवाजात. ते म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित आणखी शब्द वाचले असते. गावाला आणि तुला मी अर्धा तास सांगितला. चिठ्ठी चुलीत घातली. बाबांनी ती वाचली होती की नाही, हे मला माहीत नाही. वाचून मला शोधायला बाहेर आले असतील, किंवा नुसतं कोंबड्यांना दाणे टाकायला. दहा महिने मी या दोन गोष्टींमध्ये बसलो आहे, एका हातात दोरा धरून. तो सोडला तर सगळं उलगडेल.

गेल्या मंगळवारी मी मार्चची माशी बांधून बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात फिरवली. "बरी," म्हणाले. पहिल्यांदा. मग म्हणाले, "बॅग," आणि कपाटाच्या वर बोट दाखवलं. ती तिथेच आहे, तेव्हापासून. मी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. ढकलली नाही, धरलीही नाही.

प्रीमितिवा दारातच होती. "काय गं बाई, प्रवासाला निघाले वाटतं दोघे!" म्हणाली. ती गेल्यावर मी विचारलं, "जाऊ का, बाबा?"

"मार्च," ते म्हणाले.

"राहू का?"

"मार्च."

माशीचं नाव सांगत होते, की मी पळालो तो महिना, की मार्चमध्ये जा म्हणत होते? मी रोज वेगवेगळं ऐकतो. जायचं मन असलं की मला परवानगी ऐकू येते. त्यांना आंघोळ घालताना शिक्षा ऐकू येते. माझ्या कानांवर माझाच भरवसा उरला नाही.

म्हणून उत्तर असं. शनिवारी ये. पिसं उपटताना कोंबडा धरायला आणखी दोन हात लागतातच, तेच निमित्त सांग. बाबांशेजारी बस आणि तूच विचार, मी आत खुराड्यात असताना. तू त्यांना माझ्याहून नऊ वर्षं जास्त ओळखतेस. जे ऐकशील ते अन्दोनीला कळव, मग मला सांग. जा म्हणालीस तर जाईन, राहा म्हणालीस तर परत विचारणार नाही. हे मी तुझ्या गळ्यात घालतो आहे, ते मला कळतं.

काही चुकीचं लिहिलं असेल तर खूण करून ठेव. आणि यावर फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे, बाबांची खुर्ची तिथून चार पावलांवर. त्यांचे शब्द गेले, एतेल. कान गेले नाहीत.

तुझा धाकटा,
सेनेन