रिलीव्हर येईपर्यंत

अण्णा, तुमच्यावर माझा एक जुना राग होता. दहावीत मी शाळेत पहिला आलो, तेव्हा आपल्या गल्लीतल्या मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारची खुर्ची तुमच्यासाठी रुमाल टाकून धरलेली. तुम्ही आलात ते मांडव सोडायला लागल्यावर. तोंडाला भट्टीची काजळी, हातात पेढ्यांचा पुडा. "माझ्या जागी माणूस आला नाही, तर जागा कशी सोडू?" एवढंच म्हणालात. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायची नाही, हा तुमच्या कंपनीचा नियम, आणि तुम्ही तो देवाच्या नेमासारखा पाळायचात. मला वाटलं, या माणसाचं खरं लेकरू तो लाल लोखंड ठोकणारा फोर्जिंगचा हॅमरच आहे. तुम्ही पुढं केलेला पेढा मी घेतला नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर मी चाकणला लागलो. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवणारी कंपनी आहे. चिखलीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली घरमालकीण मावशी आणि तिचे यजमान. सगळं सुरळीत चाललेलं, आणि मागच्या वर्षी माझं डोकं बिघडलं. गोड शब्द वापरत नाही, तुम्हाला ते चालायचे नाहीत. झोप गेली, भूक गेली. कंपनीची बस समोर येऊन थांबायची आणि माझा पाय उचलायचा नाही. एका सकाळी तुमची सून भाकऱ्या थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला म्हणालो, "मला जगावंसं वाटत नाही." तव्यावरची भाकरी करपली. तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच मला रिक्षात बसवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर यांना एकटं सोडू नका.

सोडू नका म्हणणं सोपं. तिलाही नोकरी आहे. आणि आपल्या घराची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मूठ उघडली. मावशीला सांगितलं, माझ्या लाइनवरच्या लातूरच्या मित्राला फोन केला. मी इतका चिडलो की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. चारचौघांत अब्रू गेली, एवढंच डोक्यात.

रविवारी लाइनवरचे चौघं आले आणि मयताला आल्यासारखे रांगेत बसले. आमच्याकडे पार्ट खराब निघाला की 'का' असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे, म्हणजे मूळ कारण सापडतं. चौघांतल्या क्वालिटीवाल्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"झोप का लागत नाही?"

"डोकं थांबत नाही."

"का थांबत नाही?"

"भीती वाटते."

"का वाटते?"

"माहीत नाही."

"का माहीत नाही?"

मला रडू फुटलं. तुमच्या अंत्यविधीलाही असा रडलो नव्हतो. तो बिचारा पांढराफटक पडला. मग लातूरवाला म्हणाला, "गप बसा रे. कारण डॉक्टर बघतील. आपल्याला काय कराचंय? रिलीव्हर आल्याबिगर ह्याला सोडाचं नाही. झालं." अण्णा, तुमचं वाक्य त्याच्या तोंडी आलं आणि मी रडायचा थांबलो.

तशी शिफ्ट लागली. तुमची सून कामाला निघाली की मावशी वर येऊन माझ्यासमोर मेथीची जुडी टाकायची. "नुसता बसू नगं. हात चालू ठेव, मनाचं मागनं बघू." पहिली शिफ्ट सुटली की लातूरवाला यायचा, अंगाला ऑइलचा वास घेऊनच. मग दारात चार्ज द्यायचा कार्यक्रम. "दोन चपात्या खाल्ल्या. आंगुळ केली, पर सांगावं लागलं. बोलला न्हाई." "बरं मावशी, घेतला चार्ज." मी आतून ऐकायचो. एकदा हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

एके संध्याकाळी तुमच्या सुनेची बस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. त्याच दिवशी लातूरवाल्याच्या पोरीचं शाळेत गॅदरिंग होतं, ती नाचणार होती. मी म्हटलं, "जा तू, मी बरा आहे."

"वहिनी आल्या की निघतो."

"पोरगी रुसेल ना."

"रुसू दे. तिला समजावता येतंय. तुला एकटं टाकून गेलो अन् काही झालं, तर कुणाला समजावू?"

तो निघाला तेव्हा अंधारलं होतं. मी त्याला जिन्यातून ओरडून सांगितलं, "काहीही ने तिला, पण पेढे नेऊ नकोस." त्याला काही कळलं नाही. मला मात्र पाठमोऱ्या त्याच्यात तुम्ही दिसलात, आणि मला तुमची फार आठवण आली.

आता मी कामावर जातो, गोळी अजून चालू आहे. गेल्या महिन्यात मावशीचे यजमान वारले. ती खाईना, बोलेना. आम्ही पुन्हा शिफ्ट लावली. आज माझी आहे. तिच्या ओट्यावर बसून मोबाइलवर हे लिहितोय. मघाशी तिच्यासमोर मेथी टाकली आणि मीच निवडायला घेतली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्यापुढची पाटी ओढली. "काड्या लई ठिवल्यास," म्हणाली आणि निवडू लागली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

लातूरवाल्याचा फोन आला होता, मोशीत अडकलाय. म्हटलं निवांत ये, मी बसलोय. तो आला की हे पुसून टाकीन, पाठवणार तरी कुठं? फक्त एक राहिलंय. त्या पेढ्यांचा पुडा आईनं फळीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर गेल्यावर मी त्यातला एक खाल्ला होता, अण्णा. मग आणखी एक.