जांभळाची कांजी आणि बारा उंदीर

११ जुलै १९९४
पुन्हा तेच! बारापैकी एकही उंदीर फुगलेला नाही. सहांना जांभळाची आंबवलेली कांजी, सहांना साधं पाणी, खुराक सगळ्यांना वनस्पती तुपात मळलेला. पाणीवाल्यांनी लठ्ठ व्हायचं, कांजीवाल्यांनी नाही – एवढाच तर माझा प्रबंध! जांभळातले अँटिऑक्सिडंट चरबी अडवतात, हे आता दाखवू कशावर?

१४ जुलै
खुराकच चुकत असेल म्हणून तूप वाढवलं. कॉलेजचं छत गळतं, म्हणून गेला महिनाभर पिंजरे आमच्या हुडको कॉलनीतल्या घराच्या व्हरांड्यात. शेजारच्या शकुबाई नाक दाबून जातात. मी सातलाच कॉलेजात शिकवायला निघते, म्हणून पाण्याचं बाबांकडे. कुणाला काय द्यायचं ते पिंजऱ्यांवर लिहून दिलंय. कांजीसुद्धा तेच करतात. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झाल्यापासून हाताला काम हवंच असतं त्यांना.

२९ जुलै
सगळी वजनं सारखी. जेवले नाही.

६ ऑगस्ट
वैशाली नगरला गाईडकडे, आनंदराव सरांकडे, जाऊन आले. मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा नाही. तीस तारखेला संपलं. म्हणाले, "प्रयोग तुमचं काम नाही, मॅडम. शिकवत राहा."
सात वर्षं! त्यांच्या जिन्यातच रडले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.
खरंच असेल त्यांचं. माझं डोकं या कामाचं नाहीच. सकाळी उठावंसंही वाटत नाही हल्ली.

१७ ऑगस्ट
सरांना पत्र लिहिलं – विषय सोडते. बाबांना म्हटलं, उद्या उंदीर परत देते. त्यांनी विचारलं, "कावून?" तेव्हा पहिल्यांदा नीट समजावलं, की कांजीवाले आणि पाणीवाले यांच्यात फरकच दिसला नाही, आणि सगळं त्या फरकावरच होतं. ऐकून ते अर्ध्या ताटावरून उठले.

१८ ऑगस्ट
पत्र टाकायला निघाले, तर बाबा दारात उभे. म्हणाले, "सत्यशीला, कांजी मी बाराही जणाले देत होतो. पहिल्या दिवसापासून."
"का?" मी विचारलं.
"गावच्या विहिरीवर आमाले पाणी वेगळं होतं, बाई. माह्या हातानं तसं वाढनं नाही जमलं मले."
म्हणजे कांजी लागू पडली! बाराच्या बाराही उंदरांना. पण तुलनेला नुसत्या पाण्यावरचा एकही उंदीर नाही, म्हणून आता ते कुणालाच दाखवता यायचं नाही.
ओरडणार होते त्यांच्यावर. नाही ओरडले.