कानातले बोळे

वेनोका, ओक्लाहोमा
सप्टेंबर १९२९

प्रिय आई,

स्टेशनच्या खाणावळीतलं काम बरं आहे, काळजी करू नकोस. अंधारात विमान उडत नाही, म्हणून संध्याकाळी विमानातून उतरलेली माणसं इथे जेवून रात्रीच्या रेल्वेने पुढे जातात. कानात कापसाचे बोळे घालूनही इंजिनाच्या आवाजाने बिचारी बहिरी झालेली असतात. काल एक म्हातारी ओरडली, "अगं पोरी, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" अगदी तुझंच वाक्य! मी वाकून तिच्या कानाशी तीनदा विचारलं, "कोंबडी की मासे?" जराही न चिडता.

रेल्वे गेली की इथे बोलायला कुणी नसतं. तिकडे घरी दारावरची थाप तरी तुला अजून ऐकू येते ना? तुला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तरी मी तुझ्यावर खेकसायचे.

या प्रवाशांचे कान सकाळपर्यंत मोकळे होतात गं.

घरी आल्यावर तुझ्या कानाशी बसणारी,
व्हर्ना